उभी रेघ, आडवी रेघ

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लेकीच्या शाळेतून वह्यांचा गठ्ठा घरी आला. चार वह्या, चित्रांची एक फाइल आणि प्रगतिपुस्तक. वह्यांना खाकी कव्हर, वर तिचं नाव, इयत्तेच्या जागी ‘नर्सरी’. रात्री जेवणं आवरल्यावर मी त्या एकेक करून उघडल्या.

पहिल्या वहीची पहिली सोळा पानं उभ्या रेघांची. शाळेत तिला ‘स्टँडिंग लाइन’ म्हणतात. मग आडव्या रेघा, म्हणजे ‘स्लीपिंग लाइन’. मग तिरक्या, एकदा डावीकडे झुकलेल्या, एकदा उजवीकडे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टीचरनं लाल पेनानं काढून दिलेली एक रेघ, पुढे ठिपके, आणि ठिपक्यांवरून घसरत गेलेली लेकीची पेन्सिल. दिवाळीनंतर अक्षरं सुरू झाली. आधी सरळ रेघांची, एल, टी, एच, ई. जानेवारीत एकपासून दहापर्यंत आकडे. काही ठिकाणी पेन्सिल इतकी दाबली गेली आहे की कागद फाटलाय. एका पानावर ओला डाग वाळून कागद फुगलाय. तो डाग कशाचा आहे हे मला नीट आठवतं. त्या संध्याकाळी ती रडत असताना तिचा हात हातात धरून उरलेल्या चार ओळी मीच पुऱ्या करून घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी डायरीत ‘होमवर्क इनकम्प्लीट’ असा शेरा नको होता म्हणून.

मला या वर्षाबद्दल लिहायचंय ते त्या पानामुळे. शाळा वाईट होती असं मला म्हणायचं नाही. टीचर प्रेमळ होत्या, वर्ग स्वच्छ होता, लेकीला तिथे मैत्रिणी मिळाल्या. तरीही तीन वर्षांच्या मुलांना शाळा म्हणून आपण जे देतो आहोत ते चुकीचं आहे, हे मला पुरतं पटलंय. आणि ते एकेकट्या पालकाच्या किंवा एकेकट्या शाळेच्या हातून सुधारणार नाही, त्याला कायदाच लागेल, हेही.

लेक नोव्हेंबरची. २०२५च्या जूनमध्ये शाळेत गेली तेव्हा ती दोन वर्षं सात महिन्यांची होती. हे नियमात बसतं. महाराष्ट्रात शाळाप्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला मोजतात. त्या दिवशी तीन पूर्ण होत असतील तर नर्सरी, सहा पूर्ण होत असतील तर पहिली. पण शाळा भरते जूनमध्ये. म्हणजे वर्षाच्या शेवटी जन्मलेलं मूल नर्सरीच्या दारात उभं राहतं अडीच वर्षांचं असताना आणि पहिलीच्या दारात साडेपाचचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं २०२०मध्ये पहिलीसाठी सहा वर्षांचं वय सांगितलं, आणि कागदावर आपण ते पाळतोही. वर्गात मात्र जानेवारीचं मूल आणि डिसेंबरचं मूल एकाच सतरंजीवर बसतं, दोघांना एकच वही मिळते आणि त्याच ठिपक्यांवरून दोघांनी रेघ ओढायची असते. मोठ्या माणसाला अकरा महिने म्हणजे काहीच नाहीत. अडीच वर्षांच्या मुलाचं ते एक तृतीयांश आयुष्य आहे.

त्या वयाचा हात कसा असतो, हे मी या वर्षात पहिल्यांदा नीट पाहिलं. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, मऊ असतात आणि एकेक करून वर्षांमागून वर्षं हाडात बदलत जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठपैकी दोन-तीनच ठळक दिसतात. हाडं पक्की झाल्याशिवाय पेन्सिल धरायचीच नाही, असा याचा अर्थ मी काढत नाही. पण जो हात अजून घडतोय त्याच्याकडून आपण दोन ओळींच्या मधे मावणारी रेघ मागतो आहोत, एवढं तरी डोळ्यांपुढे राहावं. मुलाची ताकद खांद्यातून कोपरात, कोपरातून मनगटात आणि सगळ्यात शेवटी बोटांच्या टोकांत येते. कणीक मळणं, कागद फाडणं, शेंगा सोलणं, बरणीचं झाकण फिरवणं, बादलीतलं पाणी मगाने उपसणं, हेच त्या हाताचं लिहायला शिकणं आहे. लेकीला पेन्सिल मुठीत धरायची असायची. तिला ती तीन बोटांत धरायला लावताना तिचा अंगठा पांढरा पडायचा, आणि तिचं बोलणं बंद व्हायचं.

हातापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. शाळेत जाण्याआधी ती खडूने अंगणात गोल गोल गिरवायची आणि प्रत्येक गोलाची गोष्ट सांगायची. हा बाबाचा हेल्मेट, हे मांजर झोपलंय, ही आजीची भाकरी फुगली. एकाच गोलाचं सकाळी मांजर असायचं आणि संध्याकाळी भाकरी. दिवाळीच्या सुट्टीत ती पुन्हा खडू घेऊन बसली, एक गोल काढला आणि माझ्याकडे वर बघून म्हणाली, “बरोबर का?” मला वाटलं एखाद वेळी विचारलं असेल. पण नंतर ती प्रत्येक चित्रानंतर विचारायला लागली. मातीचा लाडू केला तरी “बरोबर का?” वर्षाअखेरीस प्रगतिपुस्तकात ‘रायटिंग स्किल’पुढे चांगला शेरा आहे. खडूच्या गोलाची गोष्ट मात्र तिने बरेच दिवसांत सांगितलेली नाही.

हे सगळं चालू कसं राहतं, याचं उत्तर मला माझ्या कामाच्या टेबलावर मिळालं. मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. मे आणि जूनमध्ये आमच्याकडे छोट्या कर्जांचे अर्ज वाढतात, आणि कारणाच्या रकान्यात ‘मुलांची फी’ लिहिलेलं असतं. त्यातले कित्येक अर्ज नर्सरी आणि केजीसाठी असतात. गेल्या वर्षी अशाच एका अर्जावर सही करायला आलेली बाई माझ्यासमोर बसली होती. खाणावळीत पोळ्या लाटते. शाळेबद्दल बोलणं निघालं. मी म्हटलं, एवढ्या लहान मुलांना लिहायला लावतात हे मला पटत नाही. ती म्हणाली, “मॅडम, मला वाचता येत न्हाई. पोरीच्या वहीवर टीचरनं बरोबरची खूण केलेली दिसली की मला कळतंय, पैसं वाया गेलं न्हाईत.”

मी रोज पासबुकं भरते. खात्यात पैसे जमा झाले आहेत हे संगणकात दिसत असतं, तरी पासबुकात नोंद उमटल्याशिवाय माणूस खिडकीवरून हलत नाही. त्याचं बरोबरच असतं. कष्टाच्या पैशाची पोच हवीच. नर्सरीची वही ही फीची पोच आहे. टीचरनं महिनाभर गोष्टी सांगितल्या, मुलांना वाळूत खेळवलं, भांडणं सोडवायला शिकवलं, तर त्याची पोच घरी येत नाही. उभ्या रेघांची सोळा पानं येतात. कर्ज काढून फी भरणाऱ्या आईला मी ‘वही बघू नका’ असं कोणत्या तोंडानं सांगू? तिला दुसरी कसली तरी पोच मिळायला हवी, आणि ती द्यायची जबाबदारी शाळेची आहे.

शाळेची बाजूही मी ऐकली आहे. फेब्रुवारीच्या ओपन हाऊसला मुख्याध्यापिकांशी सविस्तर बोलले. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, “मलाही हे पटत नाही हो. दोन वर्षांपूर्वी पहिल्या सहामाहीत लिखाण बंद करून बघितलं होतं. दिवाळीत चौदा पालकांनी मुलं काढून शेजारच्या शाळेत घातली. का, तर तिथे ए टू झेड झालं होतं.” शेजारच्या शाळेला तरी काय दोष द्यायचा? तिथल्या ज्युनिअरच्या वर्गाला वाचता येणारी मुलं हवी असतात, कारण सीनिअरला वाक्यं लिहायची असतात, कारण पहिलीच्या पुस्तकात परिच्छेद असतात. प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो आणि सगळा भार सरकत सरकत रांगेतल्या सगळ्यात लहान मुलावर येतो.

म्हणून मी कायद्याचं म्हणते. जी गोष्ट एकट्यानं थांबवली तर थांबवणाऱ्याचंच नुकसान होतं, ती सगळ्यांनी एकदम थांबवावी लागते. सकाळच्या शाळेचं उदाहरण ताजं आहे. सात वाजताच्या शाळेसाठी चिमुरडी मुलं अर्धवट झोपेत व्हॅनमध्ये चढायची. पालकांना ते दिसत होतं, शिक्षकांना दिसत होतं, पण एखादी शाळा स्वतःहून वेळ बदलत नव्हती. फेब्रुवारी २०२४मध्ये शासनानं निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. बसच्या फेऱ्यांपासून दोन सत्रांच्या इमारतींपर्यंत अडचणी पुष्कळ सांगितल्या गेल्या, आणि त्या खऱ्याही होत्या. पण लहान मुलांची झोप हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्या निर्णयानं मान्य केलं.

लिखाणाबद्दल चांगलं सांगणारे कागद आपल्याकडे नाहीत असं नाही. २०२०च्या दप्तर धोरणात पूर्वप्राथमिकच्या मुलांना दप्तरच नको आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं म्हटलंय. २०२२मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा या वयात खेळ, गोष्टी, गाणी, वस्तू हाताळणं हाच अभ्यास मानला आहे. या मुलांना पाठ्यपुस्तकं लावायची नाहीत, लेखी परीक्षेऐवजी शिक्षिकेनं मुलाकडे बघून नोंदी ठेवायच्या. हे मी वाचलं तेव्हा लेकीचं दप्तर समोर पडलं होतं. त्यात चार वह्या, तीन पुस्तकं, डायरी, डबा आणि पाण्याची बाटली होती.

कागद आणि दप्तर यांच्यात एवढं अंतर पडतं, कारण या वयाचा वालीच कोणी नाही. शिक्षणहक्काचा कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू. त्यात मूल म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं. सहाच्या खालच्या मुलांसाठी त्याच कायद्याचं अकरावं कलम एवढंच म्हणतं की शासन मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करू शकेल. ‘करू शकेल’. त्याआधी २००२मध्ये ८६वी घटनादुरुस्ती झाली तेव्हाही सहा ते चौदाचं शिक्षण मूलभूत हक्कांत गेलं आणि सहाच्या आतलं बालपण ४५व्या कलमात, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये राहिलं. म्हणजे राज्यानं प्रयत्न करावा, पण केला नाही तर कोणी कोर्टात जाऊन मागू शकत नाही. पहिलीच्या वर्गासाठी शिक्षकाची पात्रता, पटाचं प्रमाण, मारायला बंदी, सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. त्याच इमारतीत, त्याच जिन्याच्या खालच्या खोलीत भरणाऱ्या नर्सरीसाठी यातलं काहीच त्या कायद्यात नाही. बंगल्याच्या तळमजल्यावर रंगीत फलक लावून, भिंतीवर कार्टून रंगवून कोणीही नर्सरी काढावी आणि बारावी झालेल्या मुलीला तुटपुंज्या पगारावर तीस मुलं सोपवावीत, असं वर्षानुवर्षं चाललं. २०२५मध्ये शासनानं खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण नोंदणीनं केंद्रांची यादी तयार होते. वर्गात दुपारी साडेअकराला अडीच वर्षांचं मूल काय करतंय, हे त्या यादीत दिसत नाही.

याच २०२५च्या उन्हाळ्याची आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा निर्णय १६ एप्रिलला निघाला, राज्यभर विरोध झाला आणि २९ जूनला शासनानं तो मागे घेतला. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचं ओझं नको, हे तेव्हा जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस म्हणत होता. मीही म्हणत होते, आजही म्हणते. पण त्याच जूनमध्ये माझी अडीच वर्षांची मुलगी घरात कोणी बोलत नाही त्या भाषेची अक्षरं गिरवायला शाळेत गेली. तिला तिथे शू लागली तर ‘मे आय गो टू टॉयलेट’ म्हणायला शिकवलं गेलं, आणि पहिले काही दिवस वाक्य आठवेपर्यंत उशीर झाला म्हणून ती ओली होऊन घरी आली. याबद्दल कुठे मोर्चा निघाला नाही. तिला तिथे घातली मीच, फी भरली मीच. मराठी माध्यमाची चांगली बालवाडी घराजवळ उरलेली नव्हती हे खरं आहे. पण ती असती तर मी तिथेच घातलं असतं का, याचं प्रामाणिक उत्तर मला देता येत नाही.

सासूबाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. त्या तासगाव तालुक्यातल्या एका गावात सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. मुलांच्या आया द्राक्षबागांत कामाला जायच्या, मुलं दिवसभर यांच्यापाशी. त्यांच्याकडे मुलांच्या हातात पेन्सिल नसायची. चिंचोके होते, कवड्या होत्या, भाजीवाल्यांकडून आणलेल्या पाट्या होत्या. मूग आणि मटकी एकत्र करून द्यायची आणि वेगळी करायला लावायची; त्यात बोटं चालायची, नजर चालायची आणि मोजणं आपोआप व्हायचं. खिचडी वाढायच्या आधी हात धुवायची रांग लागायची, आणि रांगेत थांबणं हाही त्यांच्या लेखी एक धडा होता. लेकीची वही बघून त्या म्हणाल्या, “तिच्या हातात कणीक दे गं, पेन्सिल नगं. बोटं तयार झाली की अक्षर आपसूक येतंय.” मी मान हलवली आणि संध्याकाळी होमवर्क करून घेतला.

त्या जे करत होत्या त्यामागे मोठी परंपरा आहे, आणि ती आपल्याच मातीतली आहे. ताराबाई मोडक भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांबरोबर काम करत. त्या दोघांनी १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींची पद्धत भारतीय घराला परवडेल आणि भारतीय मुलाला ओळखीची वाटेल अशी करायची हा त्यांचा ध्यास. १९४५मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यात, समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि त्यांनी तिथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांच्या कामात आल्या. शहरातल्या बालमंदिरातलं लाकडी साहित्य महाग होतं, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे, माती हेच साहित्य झालं. गरिबांच्या वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा बाई मुलांची वाट बघत बसल्या नाहीत. त्यांनी बालवाडी उचलून वस्तीच्या अंगणात नेली. नखं कापणं, आंघोळ, केस विंचरणं, गाणी, गोष्टी, सगळं तिथे उघड्यावर, आया-आज्यांच्या डोळ्यांसमोर. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला आहे. पुढे दोघींनी काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये नेलं. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं, आणि आज काश्मीरपासून केरळपर्यंत हा मराठी शब्द सरकारी कागदावर आहे.

आया-आज्यांच्या डोळ्यांसमोर, यावर मी मुद्दाम थांबते. पोळ्या लाटणाऱ्या त्या बाईला हवी असलेली पोच बोर्डीत रोज मिळत होती. मूल काय करतंय हे तिला उंबऱ्यावर बसून दिसत होतं. आजच्या शाळेत पालक गेटच्या आत येत नाही. आत काय चाललंय ते कळायला वहीशिवाय दुसरी खिडकी ठेवलेलीच नाही. महिन्यातून एक सकाळ पालकाला वर्गाच्या कोपऱ्यात बसू दिलं, आणि टीचरनं मुलाबद्दल चार वाक्यं मराठीत तोंडी सांगितली, ‘तुमची मुलगी आता झोपाळ्यावर स्वतःचा नंबर येईपर्यंत थांबते’, तर तीही पोचच आहे. वाचता न येणाऱ्या आईलाही कळणारी.

मग अंगणवाडीच का नाही, असं कोणी विचारेल. सासूबाईंच्याच गावाची गोष्ट आहे. गावात पिवळी व्हॅन यायला लागली आणि दोन वर्षांत त्यांच्या पटावरची निम्मी मुलं तालुक्याच्या इंग्लिश नर्सरीत गेली. राहिली ती ज्यांना व्हॅन परवडत नव्हती त्यांची. अंगणवाडीला आपण गरिबांची खिचडी करून ठेवलं. सेविकेवर पोषण, वजनं, लसीकरणाची आठवण, गरोदर बायांच्या नोंदी, मोबाइलमधली माहिती, सर्वेक्षणं, असं सगळं लादलं. त्यातून उरलेल्या वेळात तिनं मुलांना शिकवायचं. आणि या सगळ्याचा तिला पगार नसतो, मानधन असतं. डिसेंबर २०२३मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तो संप दीड महिन्याहून अधिक चालला. तेवढे दिवस राज्यातल्या सगळ्यात लहान मुलांची शाळा बंद होती आणि शहरात माझ्या ओळखीतल्या कोणाला ते जाणवलंही नाही. पहिलीच्या शाळा दीड महिना बंद राहिल्या असत्या तर?

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. मॉन्टेसरींच्या शाळेत तर चार-पाच वर्षांची मुलं लिहीत होती, मग आमच्या मुलांनी का लिहू नये? लिहीत होती, हे खरं. पण त्याआधी ती बोटांनी खरखरीत कागदाची अक्षरं चाचपत, आकारांच्या कडेनं बोट फिरवत, लाकडी खुंट्या चिमटीत धरून उचलत, आणि हे सगळं मुलाला वाटेल तेव्हा, वाटेल तितका वेळ. एक दिवस अक्षर हातातून बाहेर पडायचं. आपण ती सगळी आधीची वाट गाळून टाकली आणि शेवटचा मुक्काम पहिल्या दिवशी आणून ठेवला. ज्या मुलाला स्वतःहून लिहावंसं वाटतं त्याच्या हातातून पेन्सिल काढून घ्या असं कोणी म्हणत नाही. चाळीस मुलांना एकाच वेळी एकच ओळ गिरवायला लावू नका, एवढंच मागणं आहे.

दुसरा आक्षेप, पुढे स्पर्धा आहे, मूल मागे पडेल. फिनलंड आणि एस्टोनियात औपचारिक शाळा सातव्या वर्षी सुरू होते, आणि ते देश शिक्षणात मागासलेले आहेत असं कोणी म्हणत नाही. पण तिथली व्यवस्था वेगळी, पैसा वेगळा, त्यामुळे या दाखल्यावर मी फार भर देत नाही. माझ्या घरातला दाखला पुरेसा आहे. माझ्या नवऱ्याचं शिक्षण त्याच तासगावच्या अंगणवाडीत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. पहिलीत जाईपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. पाटीवर ग, म, भ, न गिरवायला लागला तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि दिवाळीपर्यंत पुस्तक वाचत होता. सहाव्या वर्षी जे चार महिन्यांत येतं, त्यासाठी आपण मुलाच्या आयुष्याची तीन वर्षं आणि घरातली शेकडो संध्याकाळी खर्ची घालतो आहोत.

आणि त्या वेळात काय शिकायचं राहून जातं? लेक या वर्षात खरोखर बरंच शिकली, पण त्यातलं वहीत काही नाही. जूनमध्ये आठ दिवस ती गेटला धरून रडली आणि नवव्या दिवशी मागे वळून न बघता आत गेली. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण कसं उघडायचं हे तिला एका मुलानं शिकवलं, आणि आता घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं तीच उघडते. मैत्रीण पडली तर टीचरला बोलवायचं, स्वतः रडत बसायचं नाही, हे तिला कळलं. खाऊ वाटून घ्यायचा, पण लाडू अख्खा द्यायचा नाही, याचा तिनं स्वतःचा हिशोब बसवला. एकदा माझा आवाज चढला तेव्हा म्हणाली, “आई, हळू बोल, मला ऐकू येतंय.” हे वाक्य घरातलं नव्हतं, तिच्या टीचरचं होतं. त्या टीचरना मी मनापासून धन्यवाद दिले. या बाईंना चाळीस वह्यांवर लाल पेनानं रेघा आखायच्या नसत्या, तर त्यांनी मुलांना आणखी काय काय दिलं असतं!

मागणं मोठं नाही. शिक्षणहक्काच्या कायद्यात तीन ते सहा वर्षांची मुलं आणा. ‘करू शकेल’च्या जागी ‘करील’ लिहा. या वयात सक्तीचं लिखाण, गृहपाठ आणि परीक्षा घ्यायची नाही, मग शाळा खासगी असो की सरकारी, बोर्ड कोणतंही असो. शिकवणाऱ्या बाईला प्रशिक्षण आणि प्राथमिक शिक्षिकेच्या तोडीचा पगार द्या. अंगणवाडीत फक्त मुलांना शिकवण्यासाठी एक वेगळी शिक्षिका नेमा, म्हणजे ती जागा शहरातल्या नोकरदार आईलाही स्वतःच्या मुलासाठी चालेल. वयाची तारीख शाळा भरते त्या दिवसाच्या जवळ आणा. यातली सक्तीच्या लिखाणावरची बंदी तेवढी आली तरी मुख्याध्यापिकांच्या दिवाळीत गेलेल्या त्या चौदा मुलांना जायला दुसरी शाळा उरणार नाही, आणि त्यांनाही मनासारखा वर्ग चालवता येईल.

कायदा व्हायला वेळ लागेल आणि ज्युनिअर केजी जूनमध्ये सुरू होतंय. यादी आली आहे, तीत सहा वह्या आहेत. गेल्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर मी विचारलं, घरचं लिखाण बंद करायची विनंती शाळेला मिळून करू या का? बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग एका मुलाच्या बाबांनी लिहिलं, “सगळे थांबणार असतील तर आम्ही पण थांबू.” त्यानंतर एकेक करून अकरा जणांची नावं आली. शाळा उघडायच्या आठवड्यात आम्ही मुख्याध्यापिकांना भेटायला जातोय. अर्ज मराठीत लिहिलाय, आणि पोळ्या लाटणाऱ्या त्या बाईलाही मी तो वाचून दाखवला. तिची मुलगी आमच्या शाळेत नाही. तिनं विचारलं, तिच्या शाळेत द्यायला याचीच एक प्रत मिळंल का. मी दोन काढून दिल्या.